आवाज चालू, चेहरा गायब: प्लगिनची खिडकी बिघडली तर काय करायचं

एका रात्री नऊच्या सुमारास मी जुना २४ इंची मॉनिटर काढून त्या जागी २७ इंची ४के मॉनिटर लावला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, निवेदनाच्या ट्रॅकवरचा कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारं प्लगिन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारा छोटा जोड-प्रोग्रॅम) उघडला, आणि समोर आली काडेपेटीहून जेमतेम मोठी खिडकी. थ्रेशोल्डचा, म्हणजे कुठल्या पातळीपासून आवाज दाबायचा त्याचा, आकडा दिसेना म्हणून मी आधी चष्मा पुसला, मग मॉनिटरला नाक लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एका ऑडिओबुकची तीन प्रकरणं द्यायची होती. अशा वेळी सगळे करतात तेच मीही केलं. प्लगिन काढून टाकलं, पुन्हा बसवलं. फरक शून्य. पुन्हा काढलं, कॉम्प्युटर बंद-चालू केला, पुन्हा बसवलं. साडेअकरा वाजले तेव्हा लायसन्सचं एक ॲक्टिव्हेशन फुकट गेलं होतं आणि खिडकी होती तेवढीच होती.

त्या अडीच तासांत कॉम्प्रेसर आपलं काम बिनबोभाट करत होता. आवाज दाबायचा तिथे दाबत होता, सोडायचा तिथे सोडत होता. बिघाड आवाजात नव्हताच, आणि मी मात्र आवाजाचं यंत्र खोलून बसले होते. तेव्हापासून खिडकीची तक्रार आली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघते: हे चित्र रंगवतंय कोण? प्लगिन, त्याला जागा देणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे होस्ट, सगळ्यांना मापं वाटणारी ऑपरेटिंग सिस्टिम की ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर? चौघांपैकी कोण चुकतंय ते कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांची असते. न कळता केलेली दुरुस्ती रात्र खाते.

आधी काम वाचवा

प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा. त्यावर डेडलाइन असेल तर ज्या ट्रॅकवरचं प्लगिन रुसलंय तो ट्रॅक फ्रीझ करा किंवा बाउन्स करून ठेवा, म्हणजे प्लगिनच्या परिणामासकट त्याची आवाजाची फाइल बनवून ठेवा. खिडकी दिसत नसली तरी आवाजावरची प्रक्रिया चालू असते, त्यामुळे बाउन्स नीटच होतो. हे दोन मिनिटांत उरकलं की पुढची खटपट डोकं शांत ठेवून करता येते.

मग त्या प्लगिनचा साधा चेहरा उघडा. जवळजवळ प्रत्येक होस्टकडे तो असतो: सजावट, चित्रं, चकचकीत नॉब काही नाही, नुसती पॅरामीटरची, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगची, नावं आणि सरकपट्ट्या. हा चेहरा होस्ट स्वतः काढतो, प्लगिनचा त्यात हात नसतो. रीपर या होस्टमध्ये एफएक्सच्या (इफेक्टच्या) खिडकीत वरच्या बाजूला ‘यूआय’ असं बटण आहे, ते दाबा. लॉजिकमध्ये प्लगिनच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’ मेन्यू आहे, तिथे ‘एडिटर’च्या जागी ‘कंट्रोल्स’ निवडा. क्युबेसमध्ये खिडकीच्या मेन्यूत ‘जेनेरिक एडिटर’ सापडेल. एबलटन लाइव्हमध्ये डिव्हाइसच्या पट्टीवरचा छोटा त्रिकोण उलगडला की पॅरामीटर दिसतात. ऑडॅसिटीत प्लगिनच्या ऑप्शन्समध्ये ग्राफिकल इंटरफेसवरची टिकमार्क काढून इफेक्ट पुन्हा उघडायचा.

आता एक सरकपट्टी हलवा आणि कान द्या. आवाज बदलला, तर प्लगिन ठणठणीत आहे, दुखणं फक्त चित्राचं आहे, आणि ते पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. साधा चेहराही उघडत नसेल किंवा आवाजावर काहीच परिणाम होत नसेल, तर प्लगिन मुळात लोडच झालेलं नाही. लायसन्स, हरवलेली फाइल, चुकीचा फॉरमॅट असं काहीतरी आहे, आणि त्याचा रस्ता वेगळा.

त्या रात्री मला हे बारा वाजता सुचलं. साध्या चेहऱ्यावरून मी आकडे कागदावर उतरवले: थ्रेशोल्ड उणे १८, रेशो ३:१, अटॅक १५ मिलिसेकंद. तो कागद पुढे फार कामाला आला, कसा ते पुढे सांगते.

खिडकी मुंगीएवढी, धूसर किंवा कापलेली

तक्रारींमधल्या सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात, म्हणून इथे जरा बैठक मारूया.

पडद्यावरचा पिक्सेल म्हणजे काही ठरलेलं माप नव्हे. माझ्या जुन्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसत होते, नव्या २७ इंची ४केवर १६३ बसतात. कॉम्प्रेसरची खिडकी ४०० पिक्सेल रुंद. जुन्या पडद्यावर ती ११ सेंटिमीटर दिसायची, नव्यावर ६ झाली. प्लगिनमध्ये काहीही बदललं नव्हतं, पिक्सेल लहान झाले होते.

यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग असतं: १२५, १५०, २०० टक्के वगैरे. पण स्केलिंग लावलं की प्रश्न उभा राहतो, की चित्र मोठं करायचं कुणी? होस्ट म्हणतो, ‘मला कळतं, मी करतो.’ विंडोज म्हणते, ‘बरं, मग मी हात लावत नाही.’ आणि होस्टच्या पोटात बसलेलं दहा वर्षांपूर्वीचं प्लगिन स्केलिंग हा शब्दच ऐकलेला नसल्यामुळे ४०० पिक्सेल म्हणजे ४०० पिक्सेल काढून मोकळं होतं. घरमालकाने मोठी खोली दिली, भाडेकरूने कोपऱ्यात चटई टाकली.

कुणाचा कुणाशी बेबनाव आहे ते खिडकीकडे बघूनच कळतं. खिडकी रेखीव पण चिमुकली असेल, तर प्लगिनला स्केलिंग समजत नाही आणि विंडोजही मदत करत नाहीये. आकार बरोबर पण अक्षरं ओल्या कागदावर शाई फुटल्यासारखी दिसत असतील, तर विंडोज लहान चित्र ताणून दाखवतेय. आणि डावा वरचा भाग मोठा आणि छान दिसतोय पण उजवीकडचं नि खालचं कापलं गेलंय, तर प्लगिन मोठं झालंय आणि होस्टने चौकट लहानच ठेवलीय. २०० टक्क्यांवर असं झालं तर चित्राचा बरोबर एक चतुर्थांश भाग दिसतो. कापलेल्या खिडकीत आउटपुटचा नॉब नेमका उजव्या तळाशी असतो, हा माझा जुना सल आहे.

उपाय मी या क्रमाने करते.

पहिला प्लगिनच्या आतला. बहुतेक नव्या प्लगिन्समध्ये गिअरच्या चिन्हाखाली किंवा उजव्या खालच्या कोपऱ्यात आकार बदलायची सोय असते. ती आधी शोधा. अनेकजण ती न बघताच विंडोजशी झुंजत बसतात.

दुसरा होस्टमधला. एबलटन लाइव्हमध्ये विंडोजवर प्लगिनच्या शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक केलं की ‘ऑटो-स्केल प्लगइन विंडो’ असा पर्याय मिळतो, तोही प्लगिनगणिक वेगळा लावता येतो. क्युबेसमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘जनरल’मध्ये हायडीपीआयचा, म्हणजे दाट पिक्सेलच्या पडद्यासाठीचा, पर्याय आहे. एफएल स्टुडिओत रॅपरच्या (प्लगिनभोवतीच्या चौकटीच्या) सेटिंगमध्ये प्लगिन ब्रिज करण्याचा, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये, होस्टपासून सुटा प्रोग्रॅम म्हणून चालवण्याचा, आणि ब्रिज केल्यावर डीपीआयचं भान ठेवण्याचा पर्याय आहे. रीपरमध्ये प्लगिनवर राइट-क्लिक करून ‘रन ॲज’मधून त्याला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतं.

हे वेगळ्या प्रोसेसचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. विंडोजच्या लेखी स्केलिंगचं भान साधारणपणे अख्ख्या प्रोसेसचं असतं, म्हणजे होस्टला आहे तर त्याच्या पोटातल्या सगळ्यांना आहे असं ती धरून चालते. जुन्या प्लगिनला होस्टच्या पोटातून बाहेर काढून स्वतंत्र प्रोसेस दिली, की त्याच्यापुरता वेगळा नियम लावता येतो. मेमरी आणि प्रोसेसर थोडे जास्त लागतात. दोन-तीन हट्टी प्लगिन्ससाठी चालेल, सगळ्यांनाच वेगळी खोली देऊ नका.

तिसरा विंडोजमधला, आणि हा मी शेवटी ठेवते कारण त्याचा परिणाम अख्ख्या होस्टवर होतो. होस्टच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, ‘कॉम्पॅटिबिलिटी’, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे ओव्हरराइडच्या चौकटीत टिक करून तीनपैकी एक निवडायचा असतो. ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे होस्टने आपलं आपण बघावं. ‘सिस्टिम’ म्हणजे विंडोज चित्र ताणेल: आकार बरोबर येतो, धार जाते. ‘सिस्टिम एन्हान्स्ड’मध्ये साधी अक्षरं रेखीव ठेवण्याचा प्रयत्न होतो, पण ओपनजीएल किंवा डायरेक्टएक्सने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून, काढलेल्या चित्राला त्याचा फायदा मिळत नाही, आणि प्लगिन्स बऱ्याचदा त्यानेच काढलेली असतात. हे सगळं होस्टच्या फाइलवर करायचं. प्लगिनच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शोधत बसू नका, तिथे काही नाही.

स्केलिंगचा टक्का बदललात तर एकदा साइन आउट करून परत साइन इन करा. बरेच जुने प्रोग्रॅम साइन इन करतानाचं मुख्य मॉनिटरचं माप धरून बसतात आणि मध्येच बदललेलं त्यांना कळत नाही. अर्धे लोक इथेच फसतात: बदल बरोबर केलेला असतो, लागू झालेला नसतो, म्हणून तो उलटा फिरवून दुसरंच काही करायला घेतात. दोन मॉनिटर असतील आणि दोन्हींचं स्केलिंग वेगळं असेल, तर तपासणीपुरतं दोन्हींना सारखं ठेवा. तेवढ्याने दुखणं गेलं तर निदान झालं.

माझ्या रात्रीचं काय झालं? होस्टला ‘सिस्टिम’ लावलं. सगळं सॉफ्टवेअर धुक्यात गेल्यासारखं दिसायला लागलं, पण आकडे वाचता येत होते. प्रकरणं वेळेत गेली. पुढच्या आठवड्यात त्याच कॉम्प्रेसरची व्हीएसटी३ आवृत्ती (व्हीएसटी हा प्लगिनचा फॉरमॅट) बसवली आणि विंडोजमधली खूण काढून टाकली. व्हीएसटी३ हा फॉरमॅट २००८ सालचा, आणि त्यात होस्टने स्केलिंगचा आकडा प्लगिनला कळवायची ठरलेली सोय आहे. जुन्या व्हीएसटी२मध्ये तसं काही नव्हतं, जो तो आपापल्या बुद्धीने भागवत असे. म्हणून एकाच प्लगिनच्या दोन्ही आवृत्त्या असतील तर व्हीएसटी३ आधी वापरून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, जुन्या प्रोजेक्टमधल्या व्हीएसटी२च्या सेटिंग दर वेळी नव्यात आपोआप उतरत नाहीत. माझ्या उतरल्या नाहीत. कागद होता म्हणून निभावलं.

बोट एकीकडे, नॉब दुसरीकडे

हाही स्केलिंगचाच भाऊबंद, पण इतका चक्रावून टाकतो की वेगळा सांगते. तुम्ही थ्रेशोल्ड पकडता आणि रेशो फिरतो. किंवा नॉब पकडलाच जात नाही, त्याच्या वर डावीकडे रिकाम्या जागी क्लिक केलं की फिरतो.

चित्र १५० टक्के ताणलं गेलंय, पण माउसचा पत्ता कुणी ताणलेला नाही. प्लगिनच्या हिशेबाने थ्रेशोल्ड डावीकडून ४००व्या पिक्सेलवर आहे. पडद्यावर तो ६००वर दिसतो. तुम्ही ६००वर क्लिक करता, प्लगिनला ‘६००वर क्लिक झालं’ असा निरोप जातो, आणि त्याच्या नकाशात ६००वर रेशो बसलेला आहे.

हे खात्रीने ओळखायची युक्ती आहे. खिडकीच्या अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यातलं एखादं बटण दाबून बघा, मग मधलं, मग उजव्या तळाचं. कोपऱ्यात नेम बरोबर लागत असेल आणि उजवीकडे-खाली जावं तसतसा चुकत असेल, तर दोष स्केलिंगचा. नेम सगळीकडे सारख्याच अंतराने चुकत असेल, म्हणजे प्रत्येक बटण तीस पिक्सेल वर दाबावं लागत असेल, तर स्केलिंग निर्दोष आहे. होस्टने खिडकीच्या वर जी टूलबार लावलेली असते तिची उंची हिशेबात धरली गेलेली नाही. तेव्हा ती टूलबार लपवून किंवा खिडकी बंद करून पुन्हा उघडून बघा, आणि होस्टचं अपडेट आहे का तेही पाहा.

काळी किंवा पांढरी खिडकी

चौकट आहे, वर प्लगिनचं नाव आहे, आत मात्र अंधार. आधी खिडकी बंद करून उघडा. मग बाकी सगळ्या प्लगिनच्या खिडक्या बंद करून ही एकटीच उघडा. मग रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडा. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दिसली आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये नाही, तर ग्राफिक्सवरचा ताण हे कारण असू शकतं. ४केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, हे विसरू नका.

माझा अनुभव असा, की काळी खिडकी बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे बोट दाखवते आणि पांढरी खिडकी वेबव्ह्यूकडे, म्हणजे प्लगिनच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागाकडे. नियम नव्हे, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरवता येतं.

काळीचं आधी. अनेक प्लगिन्स आपलं चित्र ओपनजीएलने, म्हणजे थेट ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेतात. स्पेक्ट्रम ॲनालायझर (आवाजातल्या जाड-बारीक स्वरांचा हलता आलेख) लोण्यासारखा सरकतो तो त्यामुळेच. ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असेल तर तिथेच अंधार पडतो. प्लगिनच्या सेटिंगमध्ये ओपनजीएल किंवा ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करायची सोय आहे का बघा. फॅबफिल्टरच्या प्लगिन्समध्ये ती ‘हेल्प’ मेन्यूत असते. तुम्ही म्हणाल, खिडकीच काळी तर मेन्यू कसा दिसणार? बरोबर आहे. मेन्यू पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टिम काढते, त्यामुळे प्लगिनचा मेन्यू कुठे असतो ते आठवून त्या जागी काळोखातच क्लिक केलं तर तो वर येतोही. मी हे केलेलं आहे. दुसऱ्या फोनवर त्याच प्लगिनचा फोटो उघडून, बोटाने माप घेत.

त्यानंतर ड्रायव्हर. लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या, आणि बसवण्याआधी सध्याच्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. नवा ड्रायव्हर बसवल्यावरच दुखणं सुरू झालं असेल तर परत जुन्यावर जाता यायला हवं.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, एक बॅटरी वाचवणारी आणि एक दणकट, तर होस्ट नेमका कुठल्या चिपवर चालतोय हे बदलून बघा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने गेलं की प्रत्येक प्रोग्रॅमसाठी चिप निवडता येते. दणकटच चांगली असं धरून चालू नका. माझ्या एका लॅपटॉपवर उलट साध्या चिपवर सगळं नीट दिसायचं. बदल केल्यावर होस्ट पूर्ण बंद करून उघडा.

खेळांचे फ्रेम मोजणारे किंवा पडद्यावर गप्पांची पट्टी दाखवणारे ओव्हरलेही होस्टच्या चित्रात नाक खुपसतात. तपासणीपुरते ते बंद ठेवा.

आणि हो, तुम्ही त्या कॉम्प्युटरसमोर बसलेले आहात ना? माझा एक जुना सहकारी तीन दिवस वैतागून सांगत होता की त्याचा ईक्यू (जाड-बारीक स्वर कमीजास्त करणारं प्लगिन) काळा झालाय. ड्रायव्हर बदलला, प्लगिन बदललं, माझ्याशी दोनदा भांडला. चौथ्या दिवशी बोलता बोलता कळलं की तो रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसऱ्या जागेहून त्या कॉम्प्युटरचा पडदा बघत, काम करत होता. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर ओपनजीएलची सोय तोकडी असू शकते, कधीकधी फक्त १.१ ही पुरातन आवृत्ती मिळते, आणि तेवढ्यावर आजचं प्लगिन उभं राहत नाही. खुर्चीत जाऊन बसल्यावर ईक्यू छान दिसत होता.

आता पांढरी. गेल्या काही वर्षांत अनेक प्लगिन्सचा चेहरा म्हणजे आतल्या आत उघडलेलं वेबपान असतं. विंडोजवर त्यासाठी ‘वेबव्ह्यू२ रनटाइम’ लागतो. तो नसेल किंवा अर्धवट असेल तर पान उघडत नाही आणि पांढरा कागद समोर येतो. इन्स्टॉल केलेल्या ॲप्सच्या यादीत तो आहे का बघा, असेल तर ‘रिपेअर’ करा, नसेल तर मायक्रोसॉफ्टकडून घेऊन बसवा. रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला हलकं करायच्या नादात एज ब्राउझर आणि त्याच्याशी संबंधित सगळं उपटून टाकणाऱ्यांच्या नशिबी हे हमखास येतं.

खिडकी दिसते पण नॉबच्या जागी रिकामे चौकोन आहेत, असं असेल तर चित्रांच्या फाइल सापडत नाहीयेत. इन्स्टॉल अर्धं राहिलंय, फोल्डर हलवलाय किंवा अँटिव्हायरसने काहीतरी उचललंय. प्लगिन पुन्हा बसवण्याचा सल्ला मी फक्त या एका ठिकाणी देईन.

मॅकवर

मॅकवर स्केलिंगची भांडणं फारशी होत नाहीत, तिथे पिढ्यांची भांडणं होतात. ॲपलने ओपनजीएलला २०१८ साली, मोहावे आवृत्तीपासून, निवृत्तीच्या यादीत टाकलं. ते अजून चालतं, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून मोठ्या अपडेटनंतर जुन्या प्लगिनचं चित्र लुकलुकायला लागलं तर नवल वाटू देऊ नका. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर इंटेलच्या काळातलं प्लगिन उघडेना झालं, तर होस्टवर ‘गेट इन्फो’ करून ‘ओपन यूजिंग रोझेटा’ (इंटेलसाठीचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवायची सोय) लावून बघा. त्याने दिसलं तर प्लगिनची नवी आवृत्ती मिळेपर्यंत तसंच चालवा.

त्याच प्लगिनचं ऑडिओ युनिट (ॲपलच्या फॉरमॅटमधली आवृत्ती) बिघडलं असेल आणि होस्ट व्हीएसटी३ घेत असेल, तर ते वापरून पाहा. लॉजिक फक्त ऑडिओ युनिट घेतं. तिथे प्लगिन मॅनेजरमध्ये त्या एकाच प्लगिनवर ‘रीसेट अँड रीस्कॅन’ करा. खिडकी नुसती लहान-मोठी वाटत असेल तर तिच्या वरच्या पट्टीत टक्क्यांचा मेन्यू आहे, बाकी काही करायची गरज नाही.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: तिथे बहुतेक प्लगिन्सच्या खिडक्या एक्स११च्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडायच्या जुन्या व्यवस्थेच्या, पद्धतीने होस्टमध्ये बसवलेल्या असतात. वेलँडच्या, म्हणजे नव्या व्यवस्थेच्या, सेशनमध्ये काही विचित्र दिसत असेल तर लॉगिन करताना एक्स११चं सेशन निवडून एकदा पडताळून बघा.

खिडकीच सापडत नाही

बटण दाबलं, खिडकी उघडल्याची खूण दिसते, खिडकी कुठेच नाही. बहुतेक वेळा ती आता न जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर उघडलेली असते. विंडोजमध्ये खिडकी निवडलेली असताना विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. नाही आली तर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणांची बटणं. किंवा सरळ तो मॉनिटर पुन्हा जोडा आणि खिडकी मुख्य पडद्यावर ओढून प्रोजेक्ट सेव्ह करा.

त्याआधी एक शक्यता तपासा, जी सांगायला लाज वाटते. लॉजिकमध्ये नुसतं व्ही दाबलं की प्लगिनच्या सगळ्या खिडक्या लपतात. एबलटनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि पी, मॅकवर कमांड, ऑप्शन आणि पी. ट्रॅकचं नाव लिहिताना व्हीवर बोट पडलं आणि मी अर्धा तास हरवलेला रिव्हर्ब शोधत होते.

प्लगिनची खिडकी पडद्यापेक्षा मोठी झाली आणि आकार बदलायचा कोपराच पडद्याबाहेर गेला, तर त्याची सेटिंगची फाइल शोधा. विंडोजवर ती बहुधा ॲपडेटाच्या ‘रोमिंग’मध्ये कंपनीच्या नावाच्या फोल्डरात असते, मॅकवर युजरच्या लायब्ररीत ‘प्रेफरन्सेस’ किंवा ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये. होस्ट बंद करून फाइलचं नाव बदला, उडवू नका. पुढच्या वेळी प्लगिन मूळ आकारात उघडतं. त्याच फाइलमध्ये लायसन्स किंवा तुमचे प्रीसेट असू शकतात, म्हणून नुसतं नाव बदलायचं.

मीटर हलत नाही

हा पुष्कळदा बिघाड नसतोच. क्युबेसमध्ये आवाज येत नसताना व्हीएसटी३ प्लगिन्सना झोपवण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर शांततेत ॲनालायझर आहे तिथे थिजतो. रीपरमध्ये प्लेबॅक थांबल्यावर एफएक्स चालू ठेवायचं की नाही याची सेटिंग आहे. आधी प्ले करा, मग तक्रार करा.

मीटर चालतोय पण ठेचकाळत चालतोय, तर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज हाताळतो ते माप, बघा. ४८,००० हर्ट्झला २०४८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका घासात साधारण ४३ मिलिसेकंदांचा आवाज. मीटरला नवीन माहिती सेकंदाला २३ वेळाच मिळते, त्याहून मऊ तो हलणार कसा? बफर ५१२वर आणून बघा. मिक्सिंग करताना मोठा बफर हवाच असेल तर ठेचकाळणारा मीटर गोड मानून घ्या, रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाला त्याने काही होत नाही.

कंपनीला लिहिताना

इतकं करून जमलं नाही तर प्लगिन बनवणाऱ्यांना लिहा. त्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर बघा. बिघाड स्क्रीनशॉटमध्ये दिसत असेल तर तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि डोळ्यांना मात्र पट्टे किंवा लुकलुक दिसत असेल, तर केबल, मॉनिटर किंवा रिफ्रेश रेटकडे वळा, प्लगिनवाल्यांचा काही दोष नाही.

पत्रात ‘विंडो नीट दिसत नाही’ एवढंच लिहिलंत तर पहिलं उत्तर प्रश्नावलीचं येईल आणि दोन दिवस जातील. मी सरळ असं लिहिते: ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, होस्ट आणि त्याची आवृत्ती, प्लगिनची आवृत्ती आणि फॉरमॅट, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर, प्रत्येक मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि स्केलिंगचा टक्का, साधा चेहरा चालतो की नाही, आणि दुसऱ्या होस्टमध्ये काय होतं. दुसरा होस्ट नसेल तर रीपरची ६० दिवसांची चाचणी आवृत्ती उतरवून तेवढ्यापुरती वापरता येते. दोन्ही होस्टमध्ये सारखाच बिघाड दिसला तर पत्र प्लगिनवाल्यांना, एकाच होस्टमध्ये दिसला तर आधी होस्टवाल्यांना. स्क्रीनशॉट खिडकीपुरता कापून पाठवू नका, अख्खा पडदा पाठवा. खिडकीचा बाकीच्या पडद्याशी असलेला आकार त्यांना त्यातूनच कळतो.